शनिवारी तुटणारी लाइन

ज्याला घाई आहे त्याने वर्ना लाहतीकडे जाऊ नये. मला घाई असते, जवळजवळ नेहमीच असते, म्हणून तिचा माझ्यावर कायमचा राग आहे आणि माझा तिच्यावर. गेली आठ वर्षं आमची मैत्री या रागावर उत्तम चालली आहे.

आमच्या हेमलॉक बेंडच्या वाचनालयात दर मंगळवारी खिडकीजवळ एक टेबल लागतं. त्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी असते: ‘बिघाड. दहा ते दोन.’ कसला बिघाड, कोणी यायचं, हे खाली लिही म्हणून मी तिला सांगून पाहिलं. मी इथला ग्रंथपाल आहे, पाटी कशी असावी हे मला थोडंफार कळतं. ती म्हणाली, “ज्याच्याकडे आहे त्याला माहीत असतं.” आणि खरंच, लोक बरोबर येतात. लॅपटॉप, प्रिंटर, कानात घालायची यंत्रं, एकदा तर शिवणाचं मशीनसुद्धा आलं.

सांगलीहून निघालो तो फिरत फिरत अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवराच्या या काठाला येऊन टेकलो, त्याला सत्तावीस वर्षं झाली. इथली निम्मी घरं तांब्याच्या खाणीत कामाला आलेल्या फिनिश लोकांच्या नातवंडांची. माणसं सोन्यासारखी, पण शब्द खर्च करायला अतिशय चिक्कू. मी सकाळच्या चहाबरोबर जेवढं बोलतो तेवढ्यात यांचा अख्खा हिवाळा निघतो. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, सगळं गाव माझ्यावर रुसलंय.

वर्ना चौऱ्याहत्तर वर्षांची. मनात मी तिला वर्नाबाई म्हणतो, तोंडावर नुसतं वर्ना. उंच, रुंद खांद्यांची, गुडघे गेलेली. सदतीस वर्षं ती टेलिफोन कंपनीत खांबांवर चढत होती. या जिल्ह्यात खांबावर चढणारी पहिली बाई तीच. पहिल्याच दिवशी कोणीतरी तिच्या पट्ट्याच्या कडीला ग्रीस फासून ठेवलं. तिने ते पुसलं, वर गेली, काम केलं, खाली आली आणि ज्याने फासलं होतं नेमक्या त्याच्याच कोटाला हात पुसले. मी विचारलं, “तोच, हे कशावरून?” म्हणाली, “बाकीचे माझ्याकडे बघत होते. तो आपल्या बुटांकडे बघत होता.”

आठ वर्षांपूर्वी कंपनीने गावाबाहेरच्या तारा काढून टाकल्या. जुन्या झाल्या, परवडत नाहीत, वगैरे. वर्ना तेव्हा निवृत्त होती. तिने स्वतः ओढलेली तार कंत्राटदाराची माणसं रिळावर गुंडाळत होती, आणि ही रस्त्याच्या कडेला ट्रक लावून दिवसभर आत बसून बघत होती. काय वाटलं असेल ते तिने कधी सांगितलं नाही, मी विचारलंही, पण नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी ती दारात उभी होती. “हवेवरच्या लाइनीवर काही पुस्तक आहे?” तिने विचारलं. वायफायला ती अजून हवेवरची लाइनच म्हणते. मी तीन पुस्तकं काढून दिली. ती तिने वाचून परत आणली तेव्हा त्यांत पेन्सिलने लेखकाच्या चुका काढलेल्या होत्या. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवली म्हणून मी तिच्यावर ओरडलो. तिथून आमची मैत्री सुरू झाली.

तिची काम करायची पद्धत बघून शहाण्या माणसालाही वेड लागेल. कोणी म्हणालं, वायफाय तुटतं, की आपण काय करतो? राउटर बंद करून चालू करतो, दोन-चार बटणं दाबतो, काहीतरी बदलतं, आपण म्हणतो झालं. वर्ना काहीच करत नाही. बिघाड जिथे राहतो तिथे जाऊन खुर्ची ओढून बसते. वहीत तारीख लिहिते आणि वाट बघते. तुटलं की वेळ लिहिते. पुन्हा तुटलं की पुन्हा लिहिते. मग एक गोष्ट बदलते. एकच. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्या माणसाबद्दल ती जे बोलते ते मी इथे लिहू शकत नाही.

मार्चच्या सुरुवातीला रेनो पेल्तो टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन वाचनालयात आला. रेनो ब्याऐंशीचा, आयुष्य लाकूडगिरणीत गेलेलं, उजव्या हाताची दोन बोटं तिथेच गेलेली. दिवस गुरुवार होता. लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “तुटतं.”

वर्नाचा मंगळवार यायला पाच दिवस होते. मला वाटलं, तेवढ्यासाठी माणसाला परत कशाला पाठवायचं. आपणही काही अगदीच अडाणी नाही.

रेनोकडून माहिती काढणं म्हणजे गोठलेल्या नळातून पाणी काढणं. तासाभरात एवढं निघालं: लॅपटॉप त्याच्या मुलीने, जूनने, गेल्या शरद ऋतूत दिला. फेब्रुवारीपर्यंत सगळं ठीक होतं. ‘नवी आवृत्ती तयार आहे’ असं यंत्र रोज म्हणायचं आणि हा रोज ‘नंतर’वर टिचकी मारायचा. एका सकाळी उठून बघतो तर यंत्राने याला न विचारता स्वतःला बदलून घेतलेलं. तेव्हापासून वायफाय तुटतं.

“रोज तुटतं?” मी विचारलं.

“शनिवारी.”

“फक्त शनिवारी?”

“बाकीच्या दिवशी लावतो कुठे?”

शनिवारी दुपारी तीनला तो आपल्या थोरल्या भावाला, आर्वोला, फोन लावायचा. फोन म्हणजे लॅपटॉपवरूनच. तारा गेलेल्या, आणि रेनोच्या घराच्या दरीत मोबाइलला रेंज नाही. इंटरनेट तेवढं छपरावरच्या तबकडीवरून येतं. आर्वो पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगनमध्ये, एका वृद्धाश्रमात. सत्त्याऐंशी वर्षांचा. डोळे गेलेले, म्हणून कॅमेरा दोघांकडेही बंद. “तो मला बघू शकत नाही,” रेनो म्हणाला, “मग मी त्याला बघणं बरोबर नाही.”

वाचनालयात मी तो लॅपटॉप दोन तास चालवला. एकदाही तुटलं नाही. मी म्हणालो, यंत्र ठणठणीत आहे, दोष घरच्या राउटरचा. शुक्रवारी त्याच्या घरी गेलो. राउटर डीप फ्रीझरवर, हरणाच्या मांसाच्या पेटीला टेकून बसलेला. तो उचलून खिडकीत ठेवला, त्याचा चॅनेल बदलला, परवलीचा शब्द बदलला, तो नीट चालतो का बघायला सांगलीला ताईला फोन लावला. ताई तासभर बोलली. माझं वजन, भाच्याची नोकरी, शेजारच्यांनी आपल्या हद्दीत लावलेली नारळाची झाडं, सगळं झालं. एक शब्द तुटला नाही. रेनो शेजारी बसून ऐकत होता, एक अक्षर कळत नसताना.

“ही बाई श्वास कधी घेते?” ताईने फोन ठेवल्यावर त्याने विचारलं.

मी बिघाड दुरुस्त झाल्याचं जाहीर केलं, त्याच्याकडचा वेलदोड्याचा गोड पाव खाल्ला आणि घरी आलो.

मंगळवारी रेनो पुन्हा आला. टॉवेल, लॅपटॉप. या वेळी तो सरळ वर्नाच्या टेबलाशी गेला. मी माझ्या जागेवरून मोठ्याने विचारलं, “का रे, काय झालं?”

“दोनदा तुटलं.”

“अरे, शक्य नाही! मी स्वतः तासभर...”

वर्नाने माझ्याकडे न बघता हात वर केला. 

रेनो उभाच होता. टोपी काढून हातात घेतली होती. मग तो बोलला, आणि सत्तावीस वर्षांत त्याला सलग एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाला, “आर्वो म्हणतो, तूच ठेवतोस. यंत्र माझ्याशी बोलतानाच कसं तुटतं, जून मला फोन करते तेव्हा का नाही तुटत, म्हणतो. आणखी एकदा ठेवलास तर यापुढे मी उचलणार नाही, म्हणतो.” टोपी हातात फिरवत तो म्हणाला, “त्याचं चूक नाही. मी ठेवला होता एकदा. अठ्ठ्याऐंशी साली.”

त्या वर्षी बापाची गिरणी विकायची की नाही यावरून दोघा भावांचं वाजलं होतं. आर्वो ऑरेगनहून फोनवर काहीतरी सांगत होता, आणि रेनोने त्याचं वाक्य अर्ध्यात असताना फोन ठेवला. त्यानंतर छत्तीस वर्षं दोघांत एक शब्द नाही. आईच्या दफनालाही आर्वो आला नाही. गेल्या शरद ऋतूत जूनने काकाला शोधून काढलं, दोघांना पुन्हा जोडून दिलं, आणि चार महिने दर शनिवारी लाइन लागत होती. आता ती तुटायला लागली, आणि दर वेळी पलीकडे एका आंधळ्या म्हाताऱ्याला वाटत होतं, यानं पुन्हा ठेवला.

मला माझ्या त्या गोड पावाची लाज वाटली, खरंच सांगतो.

“शनिवारपर्यंत चार दिवस आहेत,” वर्ना म्हणाली. “उद्या येते. घरी.”

बुधवारी मीच तिला गाडीतून घेऊन गेलो. तिच्या ट्रकचा सायलेन्सर गळत होता, आणि माझ्याने राहवतही नव्हतं. ओसरीत बूट काढून आत गेलो. रेनोने विचारलं, कॉफी? वर्ना म्हणाली, नको. थोड्या वेळाने त्याने विचारलं, थोडीशी? ती म्हणाली, उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, बरं, केलीच असेल तर. मी पहिल्याच फेरीत हो म्हटलं होतं. माझा कप तोवर संपला होता.

ती खुर्ची ओढून बसली, वही उघडली.

“शनिवारी काय बोलता तुम्ही दोघं?”

“हवा.”

“मग?”

“मग काही नाही.”

मी मध्येच म्हणालो, “काही नाही म्हणजे? फोन ठेवता?”

“नाही,” रेनो म्हणाला. “बसतो.”

“बसतो म्हणजे?”

“तो तिकडे बसतो. मी इकडे बसतो.”

वर्नाची पेन्सिल थांबली. “किती वेळ?”

“अर्धा तास. कधी पाऊण. साउना, वाफेची न्हाणी, तापवायची वेळ होईपर्यंत. मग म्हणतो, बरं तर. तोही म्हणतो, बरं तर.”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. दोन माणसं, छत्तीस वर्षांनी भेटलेली, दर शनिवारी पाऊण तास फोन लावून गप्प बसतात! आमच्या ताईला हे सांगितलं तर ती दोघांनाही डॉक्टरकडे नेईल. पण वर्नाला त्यात काही नवल वाटलं नाही. तिला दुसरंच काहीतरी दिसलं होतं.

“तुटतं कधी?” तिने विचारलं.

“ते कसं कळणार? मध्येच केव्हातरी. बऱ्याच वेळाने तो विचारतो, आहेस का. मी म्हणतो, आहे. त्याला ते ऐकू जात नाही.”

वर्ना माझ्याकडे वळली. “तू इथून कोणाशी बोललास?”

“ताईशी.”

“ती किती वेळ गप्प होती?”

उत्तर द्यायची गरज नव्हती. रेनोने ते हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी हवेत शून्य काढून दिलं.

“वाचनालयात जा,” वर्ना मला म्हणाली. “मी इथून फोन लावते. कॅमेरा बंद. उचल, आणि तोंड मीट.”

मी गेलो. फोन आला, उचलला. दोन मिनिटं झाली. तीन झाली. खोलीत घड्याळाची टिकटिक. मला अस्वस्थ वाटायला लागलं. लागलाय ना फोन? तिकडे आहेत ना? “ऐकू येतंय का?” मी विचारलं.

“यायला नको होतं,” वर्नाचा आवाज आला. “पुन्हा पहिल्यापासून.”

दुसऱ्यांदा मी पाच मिनिटं टिकलो आणि शिंकलो. शिंक माझ्या हातातली गोष्ट नाही, पण तिने ती मान्य केली नाही. तिसऱ्यांदा मी मायक्रोफोनसमोरून उठलो, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथून लांबूनच पडद्याकडे बघत उभा राहिलो. सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी पडद्यावरची खूण लाल झाली. तुटलं! मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. मुलांच्या विभागातून दोन आया वळून बघायला लागल्या.

चौथ्यांदा सहा मिनिटं बेचाळीस. पाचव्यांदा सहा एकोणचाळीस. वर्ना वहीत लिहीत होती.

मी परत तिकडे पोचलो तेव्हा ती रेनोला सांगत होती, आणि तिच्या आवाजात एरवी नसणारा मऊपणा होता. “माणूस इतकं मोजून फोन ठेवत नाही, रेनो. हे तू नाहीस.”

“ते मला माहीत आहे,” रेनो म्हणाला.

“मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “आता आहे.”

झालं होतं असं. लॅपटॉपमधल्या वायफायच्या चिपला हुकूम देणारी एक छोटी आज्ञावली असते, ड्रायव्हर म्हणतात तिला. नवी आवृत्ती आली तेव्हा ती जुनी आज्ञावली काढून स्वतःची, सर्वांना चालेल अशी, एक घालून गेली. या नव्या आज्ञावलीला वीज वाचवायची फार हौस. हवेवरून काही जात नाहीसं दिसलं की ती चिपला झोपवायची. बोलणाऱ्या माणसांना याचा पत्ताच लागला नसता, कारण बोलताना काहीतरी सतत जात राहतं. पण दोन्हीकडे चित्र बंद आणि दोन्ही तोंडं बंद असली की जवळजवळ काहीच जात नाही. चिप झोपी जायची आणि हाक मारली तरी वेळेवर उठायची नाही. हा बिघाड हेमलॉक बेंडसारख्या गावातच सापडायचा. जिथे माणसं बोलतात तिथे तो जन्मभर लपून राहिला असता.

मला एकदम सोपा उपाय सुचला. “त्यात काय! मागे रेडिओ लावून ठेव. नाहीतर अधूनमधून खोकत जा. लाइन जागी राहील.”

रेनो टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करायला लागला. वर्ना मात्र चिडली. आठ वर्षांत तिला मी खूपदा चिडवलं आहे, पण ती अशी कधी बघितली नव्हती.

“सदतीस वर्षं मी लाइन दुरुस्त केली,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक दुरुस्त करायला कंपनीने मला कधी पाठवलं नाही. त्यांना गप्प बसायचंय. त्यांना गप्प बसता आलं पाहिजे. एवढंच काम आहे.”

मी माफी मागितली. ती तिने ऐकली नसल्यासारखं केलं, म्हणजे स्वीकारली.

बुधवारची उरलेली दुपार, गुरुवार आणि शुक्रवार यात गेले. आधी तिने त्या चिपच्या सेटिंगमधली एक खूण काढली: ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी संगणकाला आहे.’ परवानगी रद्द. आता मी वाचनालयात, ती तिकडे, दोघंही मुकाट. सहा चाळीस उलटली. दहा झाली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. एकोणिसाव्या मिनिटाला तुटलं.

“सुधारलं की!” मी म्हणालो.

“अर्धवट,” ती म्हणाली.

मग तिने ठरवलं, जुनीच आज्ञावली परत घालायची. एक ‘मागे जा’ असं बटण असतं, पण ते करडं पडलेलं, दाबलं जाईना. आवृत्ती बदलून फार दिवस झाले होते, मुदत गेली होती. मग लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या पानावर जाऊन, त्याच्या पोटाखालचा क्रमांक भिंगातून वाचून, दीड वर्षापूर्वीची आज्ञावली वाचनालयात उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर घालून रेनोच्या घरी नेली. शुक्रवारी दुपारी ती बसवली. शिवाय संगणकाला बजावलं की ही एक गोष्ट पुन्हा आपल्या मनाने बदलायची नाही. आणि पुन्हा फोन लावला.

चाळीस मिनिटं. मी या चाळीस मिनिटांत काय केलं ते सांगतो: काही नाही. खुर्चीत बसलो. खिडकीबाहेर छपरावरचा बर्फ थेंब थेंब वितळत होता. पंधराव्या मिनिटापर्यंत जीव घाबरा झाला. पुढे हळूहळू कळायला लागलं की पलीकडे माणसं आहेत. वर्ना आहे, रेनो आहे. खुर्ची करकरली, कप ठेवला, कोणीतरी नाक ओढलं. ताईशी तासभर बोलून जेवढी सोबत वाटते तेवढी मला वाटली. लाइन तुटली नाही.

“बरं तर,” शेवटी वर्ना म्हणाली.

“बरं तर,” मी म्हणालो.

शनिवारी ती जायला तयार नव्हती. दोघा भावांच्या मध्ये आपण कशाला, म्हणाली. रेनोनेच बोलावलं. म्हणाला, “तुटलं तर मला एकट्याला नको.” म्हणून आम्ही दोघं स्वयंपाकघरात, त्याच्या मागे, भिंतीला टेकून बसलो. मी तिला दबक्या आवाजात म्हणालो, आधी मी आर्वोला नीट समजावून सांगतो, यंत्राचा दोष होता म्हणून, वहीतल्या वेळा वाचून दाखवतो. रेनो वळला. “यंत्राचं त्याला सांगायचं नाही. सबब वाटेल.”

तीनला त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. सात, आठ, नऊ. रेनोच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती. बाराव्या घंटेला कोणीतरी उचलला. तिथली काळजी घेणारी बाई होती. तिने दुसऱ्या कोणाला तरी काही विचारलं, मग बराच वेळ खुडबुड.

“काय?” एक जाड, खरखरीत आवाज आला.

“मी,” रेनो म्हणाला.

“हं.”

“इकडे वितळायला लागलं.”

“इकडे पाऊस.”

“हं.”

आणि संपलं. दोघं बसले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. तीन मिनिटं. पाच. सहा चाळीसला वर्नाने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की मला तिच्या हातातलं जुनं बळ कळलं. खूण हिरवीच. दहा झाली, पंधरा झाली. एकोणीस आली आणि गेली. वर्नाने मनगट सोडलं नाही. कॉफीचा घोट नाही, शब्द नाही. कोणाच्याही मनात दुसरं काही नव्हतं.

पंचविसाव्या मिनिटाला आर्वो म्हणाला, “आहेस का?”

“आहे,” रेनो म्हणाला.

पलीकडे त्याने ते ऐकल्याचं आम्हाला कळलं, कारण त्याने एक लांब श्वास सोडला.

आणखी काही वेळ गेला. मग रेनो पडद्याकडे न बघता, टेबलाच्या लाकडाकडे बघत म्हणाला, “अठ्ठ्याऐंशी साली मीच ठेवला होता.”

“माहीत आहे. खट् झालं होतं.”

“हं.”

“मी नंतरही बराच वेळ धरून बसलो होतो,” आर्वो म्हणाला. “वाटलं, उचलशील परत.”

माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसले नाहीत. रेनोने आपले दोन्ही हात लॅपटॉपच्या दोन बाजूंना ठेवले, सावकाश.

“आता उचललाय,” तो म्हणाला.

“हं,” आर्वो म्हणाला.

मग पुन्हा कोणी काही बोललं नाही. वर्नाने मला बाहीला धरून उठवलं, आणि आम्ही दार न वाजवता, पायमोज्यांवरच, बूट हातात घेऊन बाहेर पडलो.